खोलीतला उजेड

अण्णा, तुमचा फोटो मी पिवळा केला.

थोडाथोडका नाही, चांगला हळद फासल्यासारखा. तेराव्याला हॉलमध्ये मांडला, हार घातला, समई लावली, जरा मागे सरकून बघितलं. कावीळ झालेला कुणी परका माणूस माझ्याकडे बघून हसत होता. तेवढ्यात अक्का आतून आल्या. फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "वैजू, हे कोण गं?"

तुमची बायको! जन्मभर तुमच्या समोर बसून जेवलेली बाई तुमच्या फोटोकडे बोट दाखवून मला विचारते, हे कोण. पाहुण्यांपैकी कुणाला काही कळलं नाही हो. "अगदी आत्ता बोलतील असं वाटतंय," म्हणत सगळे जेवून गेले. अक्का मात्र त्या दिवशी पुन्हा फोटोकडे फिरकल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी मी तुमच्या पुढच्या खोलीतला स्टुडिओ उघडायला आले तर हॉलमधला फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "रागवू नको. रोज हे बघत राहिले तर मला हाच चेहरा लक्षात राहील, आणि खरा जाईल. महिन्याच्या श्राद्धाच्या आत नीट करून दे, नाहीतर भिंत रिकामी राहू दे."

आता दुसरा फोटो लावावा म्हटलं तर आहे कुठे? साऱ्या मल्लेश्वरमची लग्नं, मुंजी, बारशी तुम्ही टिपलीत आणि तुमच्या स्वतःच्या घरात तुमचा धड एक फोटो नाही. कुणी कॅमेरा तुमच्याकडे वळवला की, "ए, बेडा, बेडा, नको," करत तुम्ही लाइटच्या मागे लपायचात. फोनमध्ये आहेत थोडे, पण फोन स्वतःच सगळ्यांना गोरं करून ठेवतो, त्यात तुम्ही कुठल्यातरी क्रीमची जाहिरात करताय असं दिसतं. खरा असा एकच. गच्चीवर नवी लेन्स तपासताना मी काढलेला, निळ्या चौकडीच्या शर्टातला, तुम्ही मला काहीतरी शिकवायला तोंड उघडताय तेवढ्यात टिपलेला. तो मी माझ्या स्क्रीनवर मन लावून नीट केला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पुसत होते आणि करत होते. प्रिंट पिवळी आली ती आली.

आणि करताना सारखं वाटत होतं की काहीतरी ऐकू यायला हवंय आणि येत नाहीये. आता कळतंय काय ते. "स्वल्प थंड कर गं." बाजूच्या खुर्चीवरून कुणी हे म्हणालंच नाही.

मी तुमच्याकडे आले तो दिवस आठवतो? एचएसआर लेआउटमधली ती कपडे विकणारी कंपनी सोडून आले होते. तिथे आम्ही दिवसभर कुर्त्यांचे फोटो स्वच्छ करायचो. रंग जरा इकडचा तिकडे झाला की गिऱ्हाईक माल परत पाठवायचं, म्हणून प्रत्येकाच्या स्क्रीनची ठरलेल्या दिवशी तपासणी व्हायची. कॅलिब्रेटर नावाचं छोटं यंत्र, तुम्ही नंतर ज्याला 'डॉक्टर' नाव ठेवलंत ते, स्क्रीनच्या छातीवर टेकवून ठेवायचं. स्क्रीन एकेक रंग दाखवतो, यंत्र तो वाचतं आणि सांगतं, हा लाल जास्त आहे, तो निळा कमी आहे. मग त्याप्रमाणे स्क्रीन सरळ करायचा. त्या शिस्तीतून मी तुमच्या घराच्या पुढच्या खोलीत आले आणि बघते तर दोन मॉनिटर, एक तुमचा, एक मला दिलेला, आणि दोघांचा पांढरा वेगळा. मी म्हटलं, "अण्णा, कॅलिब्रेटर कुठंय?" तुम्ही चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांकडे बोट दाखवत म्हणालात, "हे दोन आहेत की. भाड्यानं दिलेत काय?"

असे चिडवायचात मला तुम्ही! बेळगावचं माणूस तसं लगेच पेटतंच. मी तावातावाने समजावत बसायची आणि तुम्ही शांतपणे भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवायचात. त्या खिळ्याला कापडाच्या चिंध्या लटकलेल्या असायच्या. प्रत्येक नवरीच्या शिंप्याकडून तुम्ही ब्लाउजची कातरण मागून आणायचात. अल्बमचं काम सुरू झालं की ती कातरण स्क्रीनशेजारी धरायची आणि साडीचा रंग जुळवायचा. मी सुरुवातीला हसले. साऱ्या बेंगळुरात दुसरा कुणी फोटोग्राफर शिंप्याच्या दारात चिंध्या मागत उभा राहत असेल असं मला वाटत नाही. पण शिंपी तुम्हाला ओळखून होते, आधीच बाजूला काढून ठेवायचे.

महादेवपुऱ्यातल्या त्या नवरीच्या वेळी तर तुमची चिंधीही फितूर झाली. पोरगी कॉम्प्युटरवाली, बोलायला चटपटीत, आणि साडी कसली तर धूपछावीची, मोरपिशीत जांभळी. तुम्ही कातरण एका अंगाने धरलीत तर हिरवी, दुसऱ्या अंगाने वांगी. मी म्हणायची साडी जांभळी, तुम्ही म्हणायचात हिरवी. दोघं उठून दारात गेलो, उन्हात धरली, तर तिसराच रंग. अक्का आतून ओरडल्या, "अरे, जेवायला या, साडी काही पळून जात नाही!" शेवटी ती नवरी स्वतः आली, आपल्या दोघांचे दोन फोटो बघितले आणि म्हणाली, "दोन्ही माझीच साडी आहे की. एका पानावर हा लावा, एका पानावर तो." तेव्हापासून तुम्हालाही यंत्राचं थोडं कुतूहल वाटायला लागलं, हे मी बघितलंय, नाही म्हणू नका.

कारण मग तुम्हीच विचारायला लागलात. "त्या तुझ्या डॉक्टरचं काय झालं?" मी तीन यंत्रं शोधून काढली होती. एक अगदी साधं, फक्त स्क्रीन वाचणारं. एक त्याच्या वरचं, नव्या लखलखीत स्क्रीनही वाचणारं. आणि एक मोठं, स्क्रीनबरोबर छापलेला कागदही वाचणारं. तिन्हीची पानं तीन टॅबमध्ये उघडून ठेवली होती. मला पहिलं पुरेसं वाटत होतं. तुम्ही तिसऱ्यावर अडून बसलात. "आपण लोकांना स्क्रीन देतो की अल्बम?" मी म्हटलं, अण्णा, छपाई आपण थोडीच करतो, ती बाहेर लॅबमध्ये होते, त्यांचा कागद ते बघतील, आपण आपला स्क्रीन सरळ ठेवला की झालं. तुम्ही हरलात की काय करता मला माहीत आहे, तुम्ही चहा मागता. चहा पिऊन झाल्यावर म्हणालात, "सरी, ठीक आहे. पण अल्बम लोक कुठे बघतात? आपापल्या घरी. कुणाकडे पांढरी ट्यूब, कुणाकडे पिवळा दिवा. तुझं यंत्र खोलीतला उजेड मोजतं का?"

मला तो निव्वळ हट्ट वाटला. हरलेला माणूस शेवटी एक खुसपट काढतो ना, तसा. पण तुम्ही सोडेनात. स्कूटर पुसताना, कॉफीवर, गिऱ्हाईक समोर असताना, कुठेही. "उजेड मोजतं का गं?" शेवटचं विचारलंत ते दुपारी जेवताना, स्वयंपाकघरात. तिथे खिडकी नाही, म्हणून भर दुपारी दिवा लागतो, आणि तोही तुमचा तो जुना तारेचा पिवळा बल्ब. सगळ्या घरात पांढरे दिवे आले, पण स्वयंपाकघरात तुम्ही येऊ दिले नाहीत. पांढऱ्या उजेडात सांबार आजारी दिसतं म्हणे. असले बल्ब आता मिळत नाहीत, तुम्ही कुठून कुठून शोधून आणायचात. त्या बल्बखाली भात कालवता कालवता म्हणालात, "वैजू, उजेड?" मी म्हटलं, "उद्या बघून सांगते, आधी दही घ्या."

मग तुम्हीच राहिला नाहीत. काय झालं, कसं झालं, ते लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलंय, तुम्हाला कशाला सांगू. ते तीन टॅब तसेच उघडे होते.

पिवळ्या फोटोनंतर मात्र मला चैन पडेना. चूक कुठली? लॅबची, की माझ्या स्क्रीनची, की रडून लाल झालेल्या डोळ्यांची? लॅबवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पाठवलं तेच छापलंय, इतरांचे त्याच दिवसाचे सगळे ठीक आहेत." म्हणजे खोट घरातच. विकत घेण्याआधी डॉक्टर वापरून तरी बघावा म्हणून एचएसआर लेआउटमध्ये कॅमेरे भाड्यानं देणाऱ्या पोरांकडून मधलं यंत्र आणलं. का मधलं? तेवढंच शिल्लक होतं, म्हणून.

माझ्या स्क्रीनवर टेकवलं. रंगांची माळ सरकत गेली, लाल, हिरवा, निळा, करड्याच्या छटा. मी हाताची घडी घालून परीक्षेचा निकाल लागावा तशी बसले होते. झाल्यावर आधीचं आणि नंतरचं दाखवलं. अण्णा, माझा स्क्रीन निळा होता! इतकी वर्षं मला पांढरं म्हणून जे दिसत होतं ते निळसर होतं. मला सगळे चेहरे थंड दिसायचे, म्हणून मी त्यांना ऊब द्यायची, आणि प्रिंट पिवळी. एचएसआरची शिस्त शिकून आलेली ही मी, मिरवत होते नुसती.

मग सहजच, केवळ बघू तरी म्हणून, तुमचा स्क्रीन लावला. तुमची खुर्ची ओढून बसले तेव्हा जरा जड गेलं, ते असो. यंत्र टेकवलं. मला वाटलं आता तुमचा बरोबर निघणार आणि तुम्ही वरून हसणार. तर नाही. तुमचा पिवळा! जवळजवळ माझा जितका निळा तितकाच तुमचा पिवळा. तुम्हाला सगळं पिवळं दिसायचं, म्हणून तुम्ही म्हणायचात, "स्वल्प थंड कर." मी थंड केलं की मला ते गारठलेलं दिसायचं, मी परत ऊब द्यायची. तुम्ही परत मान हलवायचात. अक्का जेवायला हाका मारून दमायच्या. शेवटी भुकेनं दोघं हार मानून जिथे थांबायचो तो रंग मधला असायचा. बरोबर असायचा!

मी एकटीच त्या खोलीत मोठ्यानं हसले आणि हसता हसता रडायला लागले. इतक्या पोरींची तोंडं अल्बममध्ये त्यांच्या स्वतःच्या रंगाची छापली गेली ती आपल्या हुशारीनं नाही हो, आपण भांडत होतो म्हणून. आणि एक गोष्ट आता डोक्यातून जात नाही. एखाद्या फोटोवर आपलं दोघांचं पहिल्याच फटक्यात एकमत झालं की तुम्ही अस्वस्थ व्हायचात. "दोघांना आवडलं? मग काहीतरी चुकलंय, परत बघ." मी म्हणायची, काय विचित्र माणूस आहे. अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं का? दोन्ही स्क्रीन खोटे आहेत हे ओळखून मुद्दाम तसे ठेवले होतेत, की सुम्ने, उगाच आपलं तोंडातून निघायचं? मी किती विचार केला तरी मला ठरवता येत नाही. विचारायला हवं होतं असंही नाही, तुम्ही सरळ उत्तर कुठे दिलं असतंत.

माझा स्क्रीन सरळ करून तुमचा फोटो पहिल्यापासून पुन्हा केला. या वेळी नवी प्रिंट आणली ती थेट अक्कांकडे नेली नाही. म्हटलं, अण्णांच्या पद्धतीनं आधी कातरण. अक्कांना विचारलं, तो निळ्या चौकडीचा शर्ट आहे का? होता. धुऊन घडी करून तुमच्या कपाटात. मी नको नको म्हणत असताना त्यांनी कात्री आणली, शर्टाच्या आतल्या दुमडीतली एक पट्टी कापली आणि माझ्या हातात दिली. "त्यांनी सगळ्यांच्या मागून आणल्या," म्हणाल्या, "त्यांचीही एक असू दे." आम्ही दारात उन्हात उभ्या राहिलो. प्रिंट धरली, शेजारी पट्टी धरली. अण्णा, तंतोतंत. निळ्यात निळा. मला इतका आनंद झाला की अक्कांना मिठी मारायचीच बाकी राहिली.

अक्का हॉलमध्ये आल्या, ट्यूबखाली फोटो धरून इकडून तिकडून बघू लागल्या. मग म्हणाल्या, "शर्ट त्यांचाच आहे."

"आणि अण्णा?"

"ते नाही गं आले अजून." आणि माझं तोंड बघून घाईघाईनं म्हणाल्या, "चांगला झालाय. आधीपेक्षा पुष्कळ चांगला. कुणीतरी त्यांच्या भावासारखं दिसतंय. सरी, हाच लाव."

आता मात्र माझी अक्कल संपली. यंत्र म्हणतंय बरोबर, कापड म्हणतंय बरोबर, ऊन म्हणतंय बरोबर. आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती बाई म्हणते भाऊ. भावासारखा फोटो भिंतीवर लावून त्या रोज त्याला नमस्कार करणार आणि वर्षभरात तुमचा चेहरा कुठे जाणार? मला स्वतःचाच राग आला. तसाच फोटो काखेत मारून मी अक्कांच्या मागे स्वयंपाकघरात गेले, कारण त्यांनी कॉफी ठेवली होती आणि मला एकटीला हॉलमध्ये बसायचं नव्हतं. कप घ्यायला हात मोकळा हवा म्हणून फोटो ठेवला टेबलावर, भिंतीला टेकवून. कुठे ठेवतेय हे माझ्या ध्यानातही नव्हतं. तुमच्या जागेवर ठेवला होता.

अक्का कॉफी घेऊन वळल्या. कप हातातच राहिला.

मीही वळून बघितलं. त्या पिवळ्या बल्बखाली तुम्ही बसला होतात, अण्णा. गालावरचा तो तांबूस काळा रंग, कपाळावर चष्म्याची खूण, तोंड उघडून काहीतरी सांगायच्या बेतात. अक्कांनी कप खाली ठेवला, आपल्या नेहमीच्या जागेवर बसल्या आणि म्हणाल्या, "हां. हे आले बघ."

त्यांनी तुम्हाला जन्मभर बघितलंय ते टेबलाच्या पलीकडून, या बल्बच्या उजेडात. सकाळी तुम्ही कॅमेरा घेऊन बाहेर, दिवसभर स्टुडिओत माझ्याशी भांडत, आणि त्यांच्या वाट्याला यायचात ते जेवायला बसल्यावर. त्यांना ठाऊक असलेला तुमचा रंग उन्हातला नाही, स्वयंपाकघरातला आहे. माझ्या पिवळ्या प्रिंटमध्ये पिवळा कागदात होता, तो कुठल्याही उजेडात कावीळच दाखवणार. खरा फोटो हवा आणि वर हा उजेड हवा, दोन्ही.

मी यंत्र आणलं आणि वाचतंय का बघू म्हणून हॉलमध्ये धरलं, मग स्वयंपाकघरात धरलं. दोन खोल्यांचे आकडे इतके लांबचे की दोन गावं वाटावीत. अक्का बघत होत्या. "हे काय करतेस?" म्हणाल्या. मी म्हटलं, "अण्णांचा एक प्रश्न राहिलाय."

फोटो आता स्वयंपाकघरातच आहे. तुमच्या धाकट्या बहिणीनं नाक मुरडलं, गेलेल्या माणसाचा फोटो कधी चुलीजवळ लावतात का म्हणाली. अक्कांनी तिला वाढता वाढताच सांगितलं, ते कधी हॉलमध्ये जेवले नाहीत. महिन्याचं पान त्याच टेबलावर मांडलं. भिंतीची हॉलमधली जागा रिकामी आहे, असू दे. तुमच्या कपाटात जुने बल्ब किती उरलेत ते अक्कांनी बघितलंय, मला सांगत नाहीत. मी गांधीबाजारापर्यंत दुकानं पालथी घालतेय.

आणि यंत्र घेतलं. तीनपैकी मधलं. माझा स्क्रीन सरळ केला. तुमच्या स्क्रीनवरही टेकवलं होतं, सगळं मोजून झालं, शेवटी यंत्रानं विचारलं की जुनं बदलून नवं ठेवू का, तेव्हा नाही म्हटलं. तुमचा पिवळाच राहू दे. अल्बम पुरा झाला की एकदा तिकडे उघडून बघते आणि तुमचं म्हणणं ऐकून घेते. मग माझंच खरं करते, ते वेगळं.

टॅब बंद करताना मधल्या यंत्राचं पान शेवटपर्यंत वाचलं. तळाशी बारीक अक्षरात ते पहिल्यापासून लिहिलेलंच होतं, तुम्ही विचारत होतात तेव्हाही. मोजतं, अण्णा. खोलीतला उजेड मोजतं.